नारळ, शेला आणि बिदागी
मद्यगृहात नित्य गाणे ठेवणाऱ्यास आम्ही देवस्थानाची मंडळी नावे ठेवतो. पण तो विक्रीच्या नफ्यातून वादकाची बिदागी आधी ठरवितो, आणि आम्ही? आमच्या खासगी बाजारात उत्सव झाला की मंडपवाल्याचे पैसे चुकते होतात, गवयाच्या हाती मात्र नारळ व शेला. म्हणे, देवाची सेवा! सेवा करणाऱ्याने म्हणावी. करून घेणाऱ्याने म्हटली की ती वेठ होते, आणि वेठ राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध आहे. १९१८ साली भातखंड्यांच्या योजनेने माधव संगीत विद्यालय निघाले, त्यास शिंदे दरबाराचा आधार होता. १९४८ साली संस्थान विलीन झाले; तो भार आता श्रोत्यांचा. विश्वस्तांनी अंदाजपत्रकात पहिली रक्कम गायकाची लिहावी. उरेल त्यात रोषणाई करावी.