‘आई, शनिवारी मी मेले!’

आपल्या एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. लेक अमेरिकेत नोकरीला. परवा फोनवर रडत म्हणाली, “आई, शनिवारी मी मेले गं!” यांच्या हातातून फोनच गळाला. मग कळलं, मेली ती खेळातली डॉक्टरीणबाई. लेक दोन वर्षं ती भूमिका करत होती. आता नव्या भूमिकेसाठी ‘जुना, डागाळलेला सुती परकर पाठव’ म्हणते. “शिकल्या-सवरल्या पोरीला हे काय खूळ?” असं त्या विचारतात.

बाई, खूळ म्हणू नका. तिकडे याला ‘लार्प’ म्हणतात. नाटकच, पण संहिता नाही नि प्रेक्षकही नाहीत. इंग्लंडात १९८२ साली पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ नावाचा असा खेळ सुरू झाला होता, म्हणजे फार नवंही नव्हे. लेकीच्या खेळात प्रलय होऊन गेलाय, वीज गेलीय, उरलेली माणसं वाफेच्या यंत्रांवर दिवस काढताहेत. अशा वाफेच्या गोष्टींना ‘स्टीमपंक’ हे नाव १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या लेखकानं दिलं. पहाटे तांब्याचा बंब पेटवलेल्या बाईला ते जग फारसं परकं वाटू नये!

मागच्या वेळी गोष्ट जिथं थांबली, तिथूनच पुढच्या खेपेला सुरू. लढाई फोमच्या तलवारींची, आणि घाव किती बसले ते ज्याला बसले त्यानंच मोजायचं. सगळी भिस्त प्रामाणिकपणावर. खरंच कुणाला लागलं, तर ‘होल्ड’ अशी आरोळी होते नि सगळे जागच्या जागी थांबतात. तेव्हा जिवाची काळजी नको. पण पात्र मेलं की बहुधा ते परत येत नाही. मालिकेतली सून गेली तर आपल्याला घास उतरत नाही, हिनं तर दोन वर्षं ती बाई स्वतः जगली. तिला हसू नका.

आता परकर. नवा घ्या नि जुना करा. धुऊन खळ काढा. तीन लिटर पाण्यात आठ-दहा चमचे चहापूड उकळून गाळा. ओला परकर चुरगाळून, सुतळीनं बांधून पाऊणएक तास त्यात बुडवा, म्हणजे रंग मुद्दाम डागडागी बसतो. काळपट हवा तर दोन गंजके खिळे टाका. मात्र लोखंडानं कापड लवकर विरतं. टेरिकॉट नको, त्यावर चहा नीट धरत नाही. काठ पॉलिशपेपरनं घासा. पितळी बटणं लावणार असाल तर सवयीनं चिंचेनं घासाल हं! त्यांना काळवंडलेलीच हवीत.

पार्सलात चार ओळींची चिठ्ठी घाला: नव्या बाईचं नाव काय ठेवलंस? आणि हे सारं वेगळ्या बादलीत करा, नाहीतर घरातल्या पांढऱ्या चादरीही प्रलयातून आल्यासारख्या दिसतील.