आवाहन की आव्हान?

मुलांनो, ‘रक्तदान करा, असे आव्हान’ हा मजकूर फलकावर वाचला की मला हसू येते, आणि वाईटही वाटते. मल्ल आखाड्यात दंड थोपटतो, ते आव्हान. पूजेच्या आरंभी आपण देवाला बोलावतो, ते आवाहन. आव्हान देतात, आवाहन करतात.

‘अर्थ कळला, मग बिघडले काय?’ असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबांनी भूमिहीनांसाठी जमीन देण्याचे आवाहन केले आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन दिली. येथे ‘आव्हान दिले’ असे लिहून पाहा. विनवणी करणारे विनोबा एकाएकी भांडायला आल्यासारखे वाटतात, आणि रेड्डींचे दान ही शरणागती ठरते!