धागा : १८१८ चा जाहीरनामा आणि मावळातील ‘मुलकी’ राज्य

१. १४ मार्च १८१८. कर्नल प्रॉथरच्या तोफांच्या माऱ्यात कोराईगडावरील दारूकोठार उडाले आणि गड इंग्रजांच्या हाती गेला. पाठोपाठ घनगडही पडला. दोन्ही गड आजच्या मुळशी तालुक्यातले. त्यांच्या पूर्वेस कोळवणचे खोरे. परंतु या मुलखावर राज्य कोणाचे, हे त्यापूर्वी महिनाभर आधीच, ११ फेब्रुवारीला, साताऱ्यात जाहीर झाले होते. गड जिंकायचे होते. कारभार मात्र ठरून गेला होता.

२. हा जाहीरनामा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा. पेशव्यांचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात राहील, साताऱ्याच्या छत्रपतींसाठी त्यातून छोटे राज्य काढून दिले जाईल. वतने, इनामे, वर्षासने व देवस्थाने यांना धक्का लागणार नाही. मक्त्याने वसुलीची पद्धत बंद होईल, असे त्यात म्हटले होते. अट एकच : बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांच्या आत घरी परतावे.

३. या जाहीरनाम्याला एल्फिन्स्टनच्या उदारतेचा पुरावा मानण्याची प्रथा आहे. ती तपासून पाहण्याजोगी आहे. बाजीराव अद्याप मोकळा होता. तो माल्कमच्या स्वाधीन झाला ते जूनमध्ये, सालिना ८ लाखांच्या तनख्यावर. तोवर त्याच्या एकेका सरदाराला फोडणे ही लढाईइतकीच निकडीची गोष्ट होती. वतनाची हमी हे दया नव्हे, युद्धाचे हत्यार होते.

४. दुसरे कारण माणसांच्या तुटवड्याचे. समुद्रापारच्या लंडनहून पत्र यायला महिनोन्‌महिने लागत. एवढा मुलूख सांभाळायला अधिकारी मूठभर : पुण्यास रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, धारवाडला चॅपलिन, साताऱ्यास ग्रँट. यांपैकी चॅपलिन वगळता सारे लष्करी कप्तान. राज्य मुलकी म्हणवले गेले, पण ते चालवले शिपाईगड्यांनी. पाटील, कुलकर्णी व पंचायत यांच्यावाचून त्यांचे पानही हलले नसते.

५. म्हणून जुनी चौकट राहिली, पण तिच्यातील जीव हळूहळू काढून घेतला गेला. मामलेदार पगारी झाला. देशमुख-देशपांड्यांचे हक्क उरले, अधिकार गेले. पंचायतीची स्तुती एल्फिन्स्टनने आपल्या १८१९ च्या अहवालात केली. १८२७ च्या कायदेसंहितेनंतर न्यायाचे खरे ठिकाण मात्र कचेरी व कोर्ट हेच झाले. ज्या पंचायतीच्या निवाड्यामागे सरकारचे बळ नाही, तिच्याकडे फिर्यादी का जावा?

६. महसुलाचेही तेच. मक्तेदाराची लूट थांबली, हे श्रेय निर्विवाद आहे. पण पुढे धान्याचे भाव कोसळले, तरी सरकारी मागणी खाली येईना. प्रिंगलच्या पाहणीने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. कागदावर हिशेब चोख होता. शेतात तो बसला नाही आणि कुळे गावे सोडून गेली. १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांना नव्याने पाहणी आरंभावी लागली.

७. सर्वांत बोलके मौन मात्र गडांखालच्या माणसांविषयीचे आहे. जाहीरनामा वतनदाराला, इनामदाराला, देवस्थानाला उद्देशून बोलतो. गडाच्या पहाऱ्यावर पोट असलेल्या रामोशी, कोळी, महार शिबंदीचे काय? गड निकामी झाले, पहारा संपला, सनद दाखवावी तर हाती नाही. पुरंदर परिसरातील उमाजी नाईकाचे बंड याच पोकळीतून उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्याला पुण्यात फाशी झाली. ज्यांच्याकडे कागद होता त्यांना सरकारने वाटाघाटीस बोलावले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी फौज पाठवली.

८. हाच धडा मुळशीने शंभर वर्षांनी पुन्हा गिरवला. टाटांच्या जलविद्युत धरणासाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा तोफा नव्हत्या. १८९४ चा भूसंपादन कायदा होता, नोटिसा होत्या, मोबदल्याचे आकडे होते. सारे रीतसर, सारे मुलकी. तरीही १९२१ मध्ये सेनापती बापटांसह मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. त्यांचा आक्षेप मोबदल्याच्या रकमेपुरता नव्हता. जमीन देणार की नाही, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

९. तेव्हा एल्फिन्स्टन चांगला की वाईट, हा वाद फारसा फलदायी नाही. तो आपल्या काळातील बहुतेक अधिकाऱ्यांहून अधिक जाणता होता, आणि म्हणूनच त्याची उणीव अधिक शिकवते. जिंकलेल्या मुलखातून सैन्य हटले आणि कचेरी आली, एवढ्याने राज्य नागरी होत नाही. ज्याच्या हाती सनद नाही, त्याचेही म्हणणे कचेरीत ऐकले जाते तेव्हाच ते होते. मावळच्या खोऱ्यांत १८१८ साली हे घडले नाही, १९२१ सालीही नाही. पुढच्या प्रत्येक प्रकल्पाची नोटीस चावडीवर लागेल तेव्हा प्रश्न हाच विचारला पाहिजे. (समाप्त)