आवाजाला परवानगी द्या, सगळ्या किल्ल्या नको

पुंगोलच्या उंच इमारतीत रात्री पेटी वाजवली, तर ती शेजारच्या घरातही ऐकू जाते. म्हणून कीबोर्ड लॅपटॉपला जोडायचा आणि हेडफोन लावायचा, हा चांगला उपाय. पण लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर कधी कधी सूर मधेच तुटतो. कट् कट् असा आवाज येतो.

असं का होतं? कॉम्प्युटर आवाज छोट्या तुकड्यांत पाठवतो. सेकंदाला 48,000 नमुने, आणि एका तुकड्यात 128 नमुने, असं धरा. म्हणजे दर 3 मिलिसेकंदांच्या आत नवा तुकडा तयार हवा. कॉम्प्युटर तेवढ्यात दुसऱ्या कामाला गेला, की सूर तुटला. गॅसवर दूध ठेवलंय आणि आपण फोन घ्यायला गेलो, तसंच हे!

यावर उपाय म्हणजे 'रिअलटाइम' परवानगी. ती मिळाली, की आवाजाचं काम रांगेत सगळ्यांच्या पुढे जातं. लिनक्स ही परवानगी सहसा कोणालाही आपोआप देत नाही. काहींना याचा राग येतो. मला मात्र हे बरोबर वाटतं. पुढे गेलेला प्रोग्रॅम बिघडला, तर मागचे सगळे अडकतात. (आम्ही मराठी शाळेत "बाई, आत येऊ का?" असं विचारल्याशिवाय वर्गात जात नव्हतो. तेव्हा कंटाळा यायचा, ही गोष्ट वेगळी.)

मग बरेच जण सोपा रस्ता धरतात. म्युझिकचा प्रोग्रॅम थेट 'रूट' म्हणून चालवतात. माझा याला साफ विरोध आहे. पेटी वाजवायला पेटीची किल्ली पुरते. घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या कशाला?

योग्य रस्ता फार लांबचा नाही. आपलं नाव 'ऑडिओ' गटात घालायचं. मग त्या गटासाठी नियमांच्या फाइलमध्ये दोन ओळी लिहायच्या. पहिली ओळ सांगते, रांगेत किती पुढे जायचं. तिथे बहुतेक जण 95 लिहितात. दुसरी सांगते, किती मेमरी अडवून ठेवायची. डेबियनवर 'जॅक' हा प्रोग्रॅम बसवताना ही फाइल आपोआप करायची का, असं विचारतात. तिथे इशाराही असतो: सगळी मेमरी अडवली गेली, तर कॉम्प्युटर पूर्ण बंद पडू शकतो, आणि अनेक जण वापरतात अशा कॉम्प्युटरवर हे चालणार नाही. लोक तो न वाचताच 'हो' दाबतात.

"पण हा तर घरचा लॅपटॉप!" असं तुम्ही म्हणाल. अहो, त्याच लॅपटॉपवर दादाचा प्रोजेक्ट असतो आणि आईचं ऑफिसचं कामही. म्हणून मेमरीच्या ओळीत 'अनलिमिटेड' लिहू नका, आकडा लिहा. लॅपटॉपची मेमरी 8 जीबी असेल, तर 2 जीबी आवाजाला पुष्कळ झाली.

आणि हो, एकदा लॉग-आउट करून परत लॉग-इन करा, नाहीतर नवा नियम लागू होत नाही. तरी कट् कट् आलंच, तर 128 चे 256 करा. एक तुकडा साधारण 5 मिलिसेकंदांचा होईल. तेवढा उशीर बोटांना कळतही नाही.