टेकडी आधी, रूळ नंतर

संगणकावरच्या खेळात डोंगर हलवायला फारसे काही लागत नाही. स्कॉटलंडच्या ख्रिस सॉयर यांचा १९९९ साली आलेला ‘रोलरकोस्टर टायकून’ हा खेळ पाहा. त्यात करमणुकीची बाग उभारायची असते. माउसच्या एका ओढीसरशी जमिनीचा चौकोन वर येतो किंवा खाली बसतो, बागेच्या तिजोरीतून थोडे पैसे वजा होतात आणि काम संपते. खोदलेली माती कोठे टाकायची, हा प्रश्न या जगात नाही. पाणीही वाहत नाही. ज्या चौकोनात ठेवले, तेथेच राहते. उभा कापलेला कडा पावसात खचत नाही.

एवढी सत्ता हाती आली की नवखा खेळाडू बहुधा सारे सपाट करून टाकतो. मैदानावर पाळणे ओळीने मांडणे सोपे जाते, हे खरे. पण रोलर कोस्टर बांधायची वेळ आली की सपाटीची खरी किंमत कळते. गाडी वेगाने खाली यायची तर आधी उंचावर न्यावी लागते. उंचीसाठी खांब हवेत, आणि खांब जितके उंच तितका खर्च अधिक. जी टेकडी ही उंची फुकट देणार होती, ती तर पैसे मोजून नाहीशी केलेली असते! शिवाय रूळ जमिनीलगत, पाण्यावरून किंवा बोगद्यातून गेले तर खेळाच्या हिशेबात त्या गाडीचा थरार वाढतो. ‘रेनबो व्हॅली’ या डावात तर स्थानिक प्रशासन जमिनीला हातच लावू देत नाही. ही अट प्रथम जाचक वाटते. हळूहळू मात्र खेळाडू उतार वाचायला शिकतो.

प्रत्यक्षातले अभियंते हा धडा फार आधी शिकले होते. अमेरिकेत ओहायोमधील किंग्ज आयलंड बागेत १९७९ साली ‘द बीस्ट’ हा लाकडी रोलर कोस्टर सुरू झाला. त्याची उंची ११० फूट, पण सर्वांत मोठी उतरण १४१ फुटांची. वरचे फूट जंगलातल्या घळीने दिले. इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्समध्ये झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये, असे बंधन होते. जॉन वॉर्डली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे खडक फोडून खड्डा केला आणि १९९४ साली त्यात ‘नेमेसिस’ बसवला. गाडी खडकांना जणू घासून जाते आणि वेग दुप्पट भासतो. २०२२ साली तो बंद करून रूळ बदलले, तरी २०२४ साली नव्या नावाने तो त्याच खड्ड्यात पुन्हा सुरू झाला.

येथेही सुरुंग लागले, हे विसरून चालणार नाही. जमिनीला कधी स्पर्शच करू नये, असा आग्रह कोणी धरणार नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी जागा पाहायची आणि मग आराखडा काढायचा, की आराखडा आधी ठरवून जागेला त्यात कोंबायचे?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा जेसीबी देतो. टेकडीच्या उतारावर बांधकामाला असलेली बंदी म्हणजे विकासाच्या वाटेतली धोंड, असेच अनेकांना वाटते. पण येथली माती पडद्यावरच्या मातीसारखी अदृश्य होत नाही; ती ओढ्यात जाते. येथे पाणी चौकोनात थांबत नाही. ते खालच्या वस्तीत शिरते. खेळात चूक झाली तर डाव पुन्हा मांडता येतो. सपाट केलेली टेकडी पुन्हा उभी करणारी कळ मात्र कोणाजवळही नाही. म्हणूनच ‘उतार आडवा येतो’ असे म्हणण्याआधी, तो आपल्याला काय देऊ करतो आहे, हे एकदा पाहायला हवे.