झुंबरं हवीत कुणाला?

‘ला त्राविआता’ची साल्झबर्गची डीव्हीडी (प्रयोग २००५ चा, दिग्दर्शक विली डेकर) कुणालाही दाखवा, तक्रार ठरलेली. "हे काय? झुंबरं नाहीत, घेरदार झगे नाहीत. नुसती पांढरी भिंत, भलंमोठं घड्याळ आणि लाल सोफा! पार वाट लावली राव व्हर्दीची."

थांबा मंडळी. व्हर्दीच्या नावाने गळा काढण्याआधी त्याला स्वतःला काय हवं होतं ते तर बघू.

मारी द्युप्लेसी ही पॅरिसमधली खरीखुरी गणिका १८४७ साली क्षयाने गेली. वय अवघं २३. पुढच्याच वर्षी तिच्यावर बेतलेली धाकट्या द्युमाची कादंबरी आली, १८५२ मध्ये नाटक आलं आणि ६ मार्च १८५३ ला व्हेनिसच्या ‘ला फेनिचे’मध्ये हा ऑपेरा. म्हणजे विषय अगदी ताजा. पात्रांच्या अंगावर प्रेक्षकांच्याच काळाचे कपडे हवेत असं व्हर्दीचं म्हणणं होतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी ते धुडकावलं आणि काळ ढकलला १७०० च्या आसपास!

आपल्या भाषेत सांगायचं तर ‘ऐतिहासिक पोशाख’ ही मूळ रिक्वायरमेंट नव्हतीच. ती मॅनेजमेंटने मध्येच घुसडली. आणि आपण तिलाच परंपरा समजून बसलोय.

व्हर्दीचा जीव यात का अडकला असेल? तो स्वतः जुझेप्पिना स्त्रेप्पोनी या गायिकेबरोबर लग्नाशिवाय राहत होता आणि बुस्सेतो गाव नाकं मुरडत होतं. (लग्न केलं थेट १८५९ मध्ये.) लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्याच्या घरातलाच होता.

आता डेकरने काय केलं ते बघा. त्याचा कोरस, बायकांसकट, काळ्या सुटात. लाल फ्रॉकमध्ये एकटी व्हायोलेटा, म्हणजे आना नेत्रेब्को. पुढे त्या सुटवाल्यांतलाच एक जण तसाच लाल फ्रॉक चढवून तिची टर उडवतो. पार्टीत तिच्याभोवती घोटाळणारे, वेळ आली की तिलाच हसणारे. झग्यांच्या, टोपांच्या काळात हे दाखवलं की आपण आरामात म्हणतो, "काय मेले जुने लोक!" सुटात दाखवलं की तसं म्हणता येत नाही, कारण सोमवारी आपणच तो सूट घालतो.

"पण पडद्यावर बघायला काहीच नाही." अहो, तेच तर! सजवलेल्या दिवाणखान्यात कॅमेरा झुंबरापासून पडद्यापर्यंत भटकत राहतो. इथे त्याला चेहऱ्याशिवाय जायला जागाच नाही. थॉमस हॅम्पसनचा जेर्मों, अल्फ्रेडोचा बाप, मुलीचं लग्न मोडू नये म्हणून व्हायोलेटाला म्हणतो, माझ्या मुलाला सोड. आवाज न चढवता, अगदी सभ्यपणे. तिचं आयुष्य उद्ध्वस्त होतं ते या सभ्यपणाने. क्षय नंतरचा. तिचा चेहरा त्या वेळी जवळून दिसायलाच हवा.

मान्य, कुठलाही ऑपेरा घेऊन पात्रांच्या हातात मोबाइल दिला की तो आधुनिक होत नाही. तसले टुकार प्रयोगही ढिगाने असतात. त्यांना खुशाल शिव्या घाला. पण इथे कपडे बदलल्याने गोष्ट बदलली नाही, फक्त आपली पळवाट बंद झाली.

झुंबरंच बघायची असतील तर तिकीट काढून राजवाडे बघता येतात की. :)