ॲडजस्ट कोणी करायचं?

आपल्या कॉलेजात दोन प्रश्नांना कधीच उत्तर मिळत नाही. पहिला, मेसच्या आमटीत डाळ नेमकी कुठे असते? आणि दुसरा, ‘कमी बजेटमध्ये कुठला कॉइलओव्हर टाकू?’ पहिला प्रश्न रेक्टर सरांवर सोपवते आणि दुसऱ्याकडे वळते.

कॉम्प्युटर आणि आयटीच्या मित्रमंडळींसाठी आधी थोडं. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळीवर. नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात, स्प्रिंगची खालची बैठक त्यावर फिरवली की गाडी वर-खाली होते. शिवाय वर एक बटण असतं, ते टिकटिक फिरवून शॉकअप कडक किंवा मऊ करता येतो. स्टाफ पार्किंगच्या मागे उभ्या असलेल्या सेकंडहँड गाड्यांचे मालक रात्री दीड वाजता ज्यावर वाद घालतात, ते हेच.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत पैसे मोजायचे ते शॉकअपच्या आतल्या व्हॉल्व्हसाठी. बाहेरच्या आट्यांसाठी आणि बटणाच्या टिकटिकीसाठी नाही. बजेट कमी असेल तर हे जास्तच लागू. कारण त्याच पैशात कंपनीने उंची, कडकपणा, कँबर सगळंच ॲडजस्टेबल दिलं असेल, तर कुठेतरी काटकसर झालेलीच असते. आणि ती बहुतेक आत, जिथे आपल्याला दिसत नाही तिथे.

आधी उंची घेऊ, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. उदाहरण आपल्या ओळखीचं: २०११ साली आलेली दुसऱ्या पिढीची स्विफ्ट. व्हीलबेस २४३० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. आता सिव्हिलवाल्यांना विचारा, गतिरोधक कसा असावा? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच. असा गतिरोधक स्विफ्टच्या दोन चाकांच्या मध्ये आला तर पोटाखालची फक्त ४३ मिमी जागा खातो. गणित करून बघा, वर्तुळाच्या ज्येचं आहे, दहावीचं.

पण आपल्या रस्त्यावर असे गतिरोधक किती? गल्लीतला गतिरोधक म्हणजे एका रात्रीत टाकलेला डांबराचा ढीग. तो व्हीलबेसपेक्षा अरुंद असतो, त्यामुळे १० सेंटिमीटर उंच असेल तर पूर्ण १०० मिमी खातो. आता ४० मिमी खाली बसवलेली स्विफ्ट घ्या. १७० मधून ४० गेले, राहिले १३०. त्यात हॉस्टेलचे चार जण बसले की मूळ स्प्रिंगवर गाडी आणखी तीसेक मिमी बसते. राहिले १००. म्हणजे शिल्लक शून्य, आणि अजून गाडी हललेलीसुद्धा नाही! उंची ॲडजस्ट करता येते हे खरं. पण दर गतिरोधकाला खाली उतरून पाना फिरवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. सगळे एकदाच खाली करतात आणि आटे गंजेपर्यंत तसंच ठेवतात. मग ॲडजस्टेबलचे पैसे कशाचे दिले?

यावर हुशार मंडळींचं उत्तर तयार असतं: ‘म्हणूनच तर स्प्रिंग कडक घ्यायची!’ बरोबर आहे. गाडी खाली केली की स्प्रिंगला दबायला जागा कमी उरते, म्हणून ती कडक हवीच. पण किती कडक? इथे व्हायब्रेशनच्या सरांचं ऋण मान्य करायला हवं. समजा पुढच्या एका चाकावर गाडीचं २५० किलो वजन आहे. १.३ हर्ट्झ ही साध्या घरगुती गाडीला साजेशी फ्रिक्वेन्सी धरली, तर स्प्रिंग येते साधारण १.७ किलो प्रति मिमी. स्वस्त किटमध्ये पुढे ६ किलोची स्प्रिंग सर्रास दिसते. म्हणजे साडेतीन पट कडक, आणि फ्रिक्वेन्सी जाते २.४ हर्ट्झवर. हा आकडा रेसच्या गाडीचा आहे, कात्रज घाटातून आईला घेऊन जाणाऱ्या गाडीचा नाही.

आता खरी भीती वाटावी अशी गोष्ट. १.७ किलोची स्प्रिंग २५० किलोखाली १४७ मिमी दबलेली असते. ६ किलोची फक्त ४२ मिमी. चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा त्याला खाली ढकलते ती हीच दबलेली स्प्रिंग. मूळ गाडीत शॉकअपचा स्ट्रोक आधी संपतो, तरी तोवर चाकावर बऱ्यापैकी दाब असतो. कडक स्प्रिंगवर चाक ४२ मिमी खाली गेलं की दाब संपला. त्याहून खोल खड्ड्यात, गाडीचं अंग खाली येईपर्यंत ते चाक अधांतरी. अधांतरी चाकाला ब्रेक नाही आणि स्टिअरिंगही नाही. चार सेंटिमीटरपेक्षा खोल खड्डा आपल्याकडे जुलैमध्ये शोधावा लागत नाही, तोच आपल्याला शोधत येतो. गुळगुळीत ट्रॅकवर जी स्प्रिंग रस्ता धरते, तीच पावसाळ्यात रस्ता सोडते. आणि तेव्हा समोर कोण असेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून ‘माझी गाडी, माझे पैसे’ हा युक्तिवाद मला पटत नाही.

तिसरी गोष्ट डँपिंग. (संपादकांनी सांगितलं की याला मराठीत अवमंदन म्हणतात. कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द आमच्यापर्यंत पोचला नव्हता, पण छान आहे.) स्प्रिंग झटका साठवते, शॉकअप तो जिरवतो. मूळ शॉकअप तसाच ठेवून साडेतीन पट कडक स्प्रिंग टाकली, तर डँपिंग रेशो ०.३ चा ०.१६ होतो. गाडी कडकही लागते आणि डुलतेही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! गॅरेजमध्ये ग्राइंडरने स्प्रिंगचा एक वेढा कापून घेणारे तर याच्याही पुढचे. सहा वेढ्यांची पाच केली की स्प्रिंग फक्त २० टक्के कडक होते, पण उंची बरीच जाते. म्हणजे शॉकअप ठोकरायची हमी. वर कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि जॅकवर गाडी उचलली की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते.

तर मग बटण? ‘बत्तीस क्लिक’ हे वाक्य ऐकलं की मला बत्तीस दात दाखवणारा सेल्समन आठवतो. क्लिक किती यापेक्षा एका क्लिकने आत काय बदलतं ते महत्त्वाचं. बीसी रेसिंगच्या बीआर किटमध्ये ३० क्लिक आहेत, पण एकच बटण कंप्रेशन आणि रिबाउंड दोन्ही एकदम बदलतं. कोनीच्या पिवळ्या शॉकअपमध्ये फक्त रिबाउंड बदलतो. आपल्या रस्त्यासाठी मला दुसरी पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. उसळलेल्या गाडीला आवरतो तो मुख्यतः रिबाउंड, आणि खड्ड्याचा दणका पाठीत घालतो तो कंप्रेशन. दोन्ही एकाच दोरीने बांधले तर गाडी आवरायला गेलं की दणका वाढतोच.

एक मुद्दा मेकॅनिकलवाल्यांसाठी. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी जास्त खाली केली की लोअर आर्म आडवा न राहता चाकाकडे वर चढतो, आणि रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे वळणावर गाडी झुकवणारा बाहू लांब होतो. झुकणं कमी करायला गाडी खाली केली आणि झुकवणारा बाहूच वाढवून ठेवला! मागे टॉर्शन बीम, तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. त्यामुळे ‘चारही कॉइलओव्हर’ असं कोणी सांगितलं तर मागचं चित्र आधी बघून घ्या.

नुसती टीका करून पळ काढणं बरं नाही, म्हणून माझा क्रम सांगते. आधी चांगले टायर. मग झिजलेले बुश, लिंक रॉड आणि स्ट्रटचं माउंटिंग बदला. मग अलाइनमेंट. जुन्या गाडीत ‘सस्पेन्शन ढिलं आहे’ या तक्रारीतला बराच भाग इथेच संपतो. तरी हौस उरली, तर मूळ उंचीच्या जवळपास राहणारी स्प्रिंग आणि तिला जुळणारा, रिबाउंड बदलता येणारा शॉकअप.

आणि ज्यांना कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला ट्रॅक डेसाठी जायचंच आहे, त्यांच्यासाठी कॉइलओव्हर योग्यच. त्यांना तर ती उंची आणि क्लिक खरोखर वापरायचे असतात. फक्त दुकानदाराला पाच प्रश्न विचारा. उंची खालच्या ब्रॅकेटवरून बदलते का, म्हणजे स्प्रिंगच्या बैठकीला हात न लावता शॉकअपचा स्ट्रोक शाबूत राहील? स्प्रिंगचा आकडा निवडता येतो का? डँपिंगचा ग्राफ दाखवता का? सील गेलं तर इथे दुरुस्त होतं का? आणि आट्यांवर धूळ-पाण्यापासून काय संरक्षण आहे? पाचपैकी तीन उत्तरं ‘बिनधास्त घ्या हो’ अशी आली, तर बिनधास्त घेऊ नका.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. ‘आरसीवर स्प्रिंग लिहिलेली नसते’ हे उत्तर कट्ट्यावर चालतं, अपघातानंतर विमा कंपनीपुढे चालेलच असं नाही. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा.

शेवटी, ‘ॲडजस्ट करणे’ हा शब्द आपण मराठीत कसा वापरतो बघा. ‘जागा नाही, जरा ॲडजस्ट करा.’ पाठ दुखते, ॲडजस्ट करा. पोट घासतं, वाकडी घ्या, ॲडजस्ट करा. चुकीचं किट टाकलं की सस्पेन्शन एकदाच ॲडजस्ट होतं आणि उरलेलं आयुष्य गाडीत बसणारे ॲडजस्ट करतात. पैसे आपले आहेत, बहुतेकांचे तर अजून बाबांचे आहेत. तेव्हा किट विकत घेण्याआधी एक संध्याकाळ कॅल्क्युलेटर घेऊन बसा. फॉर्म्युले आपण पाठ करतोच, परीक्षेबाहेर एकदा वापरून तर बघू!